तऱ्हेवाईक इंडी-फोक बँडची ओळख करून देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा बँड लोकांपुढे आणताना बँडमधले, त्यांचे कार्यक्रम ठेवणारे आणि त्यांच्याविषयी लिहिणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक उत्तर दुसऱ्यात शिरतं तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इंडी-फोक म्हणजे नक्की काय? गिटार घेऊन हळू आवाजात गायलं की झालं का?

नाही. 'इंडी' हा मुळात 'इंडिपेंडंट'चा तुकडा. गाणं कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या मर्जीने निघालं, हे तो सांगायचा. पुढे तो एका धाटणीचंच नाव झाला. 'फोक' म्हणजे लोकगीतांकडून घेतलेली बांधणी: प्रत्येक कडव्याला तीच चाल, गोष्ट सांगणारे शब्द, विजेवर न चालणारी वाद्यं, दोन-तीन आवाजांत गायलेलं धृपद. १९९०च्या दशकात इंडी रॉकमध्ये वाढलेल्या संगीतकारांनी ही बांधणी उचलली आणि २००० नंतर ती सर्वदूर पोचली. सिएटलमध्ये २००६ साली सुरू झालेला फ्लीट फॉक्सेस हा त्या लाटेतला ठळक बँड. त्यांचंच एक गाणं जंगलात उभं राहून गाणाऱ्या दोन स्वीडिश बहिणी, म्हणजे फर्स्ट एड किट, २००८ मध्ये त्या व्हिडिओमुळे माहीत झाल्या.

हे लोकसंगीत मात्र नव्हे. लोकगीताचा कर्ता बहुधा अज्ञात असतो. इथे गाणी बँडने स्वतः लिहिलेली असतात. खरंच पारंपरिक गाणं घेणार असाल तर प्रश्न १४ पाहा.

२. फ्रीक फोक, अँटी-फोक, चेंबर फोक... यातलं कुठलं नाव लावायचं?

फ्रीक फोक हे नाव २०००च्या दशकाच्या पूर्वार्धात डेव्हेंड्रा बॅनहार्ट, हार्प वाजवत गाणारी जोआना न्यूसम अशांच्या संगीताला चिकटलं. अँटी-फोकची मुळं १९८०च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये आहेत: खडबडीत, मुद्दाम अर्धवट, विनोदी. व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट यांची नीट लिहिलेली साथ असेल तर चेंबर फोक. ओळखीत एकच नाव वापरा. तीन नावं जोडून लिहिली की वाचणाऱ्याला कळतं ते एवढंच, की बँडचं अजून ठरलेलं नाही.

३. आमचा बँड खरंच विचित्र आहे. मग ओळखीत 'तऱ्हेवाईक', 'हटके' असं लिहायला काय हरकत आहे?

हरकत अशी, की हा शब्द ऐकणाऱ्याने उच्चारायचा आहे. स्वतःविषयी तुम्हीच लिहिलात की तो दावा होतो, आणि दावा दिसला की माणूस पुरावा मागतो. त्यापेक्षा पुरावाच आधी द्या.

'एक हटके, भावस्पर्शी, सर्व सीमा ओलांडणारा बँड' हे वाक्य कुठल्याही बँडच्या नावापुढे चिकटवता येतं, म्हणून ते निरुपयोगी. आता हे पाहा: 'चौघे जण, बँजो, अकॉर्डियन, व्हायोलिनच्या गजाने वाजवलेली करवत आणि पायाने ठोकायची जुनी सुटकेस. गाणी बहुतेक हरवलेल्या वस्तूंच्या तोंडची: छत्री, किल्ली, डाव्या पायाचा मोजा.' कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरी तऱ्हेवाईकपणा पुरता दिसतो.

लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावा: दुसऱ्या बँडचं नाव घातलं तरी हे वाक्य खरं राहतं का? राहत असेल तर काढून टाका. पहिल्या मसुद्यातली निम्मी वाक्यं अशी जातात. जाऊ द्या.

आणि एक. विचित्रपणाला गाण्यात काम असावं लागतं. करवत एखाद्या कडव्यात माणसाच्या आवाजाची जागा घेत असेल तर ती ओळखीत पहिल्या ओळीत येऊ द्या. नुसती फोटोसाठी आणली असेल तर तिचं नावही घेऊ नका. कार्यक्रमात लोक ती शोधत बसतील.

४. ओळख किती लांब असावी? सगळे वेगवेगळी लांबी मागतात.

तीन मापांत तयार ठेवा, म्हणजे ऐन वेळी कुणीतरी भलतीकडेच कात्री लावणार नाही.

साधारण २० ते २५ शब्दांची एक ओळ: कोण, कशावर वाजवतात, कशाविषयी गातात. मग १०० शब्दांचा परिच्छेद, कार्यक्रमपत्रिकेसाठी. त्यात नव्या गाण्याचं नाव आणि तारीख येते. आणि ३०० शब्दांचं टिपण, लिहिणाऱ्यांसाठी. त्यात कोण काय वाजवतं, गाणी कुठे व कशी ध्वनिमुद्रित केली, बँडच्या नावामागे काही असेल तर ते. स्पॉटिफायवरच्या कलाकार-परिचयाला १५०० अक्षरांची मर्यादा आहे. मधलं माप तिथे सहज बसतं.

तिन्ही मापं तृतीयपुरुषी लिहा. 'आम्ही' लिहिलेला मजकूर दुसऱ्याला जसाच्या तसा छापता येत नाही. ऐकणाऱ्यांचे आकडे, 'लहानपणापासून संगीताची आवड' आणि प्रभाव टाकणाऱ्या बारा जणांची यादी, हे तिन्ही गाळा. आकडे महिन्याभरात शिळे होतात, आवड गृहीत असते, आणि यादी कुणी वाचत नाही.

५. 'अमुक बँडसारखे वाटतात' असं लिहिलं तर चालेल का?

चालेल, पण पूर्ण बँडाशी नव्हे, त्याच्या एखाद्या अंगाशी तुलना करा: आवाजांची जोड, तालवाद्याचा अभाव, बँजो वाजवायची पद्धत. दोन तुलना एकमेकींपासून लांबच्या असल्या की त्यांच्या मधली जागा वाचणाऱ्याला दिसते. सगळ्यांत मोठ्या नावाशी केलेली तुलना टाळा. ऐकणारा तेच ऐकायला बसतो आणि उगाच निराश होतो.

६. फोटो कसा हवा?

एक आडवा, एक उभा. लांब बाजू निदान ३००० पिक्सेल. वाद्यं हातात दिसू द्या, कारण करवत आणि सुटकेस दिसली की निम्मी ओळख न लिहिता होते. एका बाजूला मोकळी जागा सोडा, पोस्टरवर अक्षरं तिथे बसतात. फाइलच्या नावात बँडचं नाव, आणि सोबत डावीकडून उजवीकडे कोण उभं आहे ते. हे शेवटचं राहिलं की छापताना नावं हमखास चुकतात.

७. पहिलं गाणं कुठलं पुढे करावं: सगळ्यांत चांगलं की सगळ्यांत विचित्र?

या दोन्हींच्या मधलं. ज्यात तुमची खोड पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकू येते, पण जे तिच्यावाचूनही गाणं म्हणून उभं राहतं, ते. चाचणी सोपी आहे. एकाच गिटारवर, बाकी काही न घेता, ते गाऊन पाहा. कोसळलं तर ते पहिलं गाणं नव्हे.

अर्ध्या मिनिटाचा हिशेब हवेतला नाही. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजल्यावरच एकदा ऐकलं गेलं असं धरलं जातं. चाळीस सेकंद पावसाचा आवाज आणि मग पहिली ओळ, ही रचना अल्बमच्या मध्यात शोभते. पहिल्या भेटीत आवाज पंधराव्या सेकंदाच्या आत येऊ द्या. फक्त विचित्र गाणंच चाललं तर काय होतं, ते प्रश्न १६ मध्ये.

८. गाणं प्रदर्शित करायच्या किती आधी तयारी सुरू करावी?

सहा ते आठ आठवडे. गाणी स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोचवणाऱ्या वितरकाकडे अंतिम ध्वनिफाइल (वेव, २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ किंवा त्याहून वर) आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी मुखपृष्ठ आधी जातं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रदर्शनाच्या निदान ७ दिवस आधी. एका वेळी एकच गाणं सुचवता येतं, आणि आधीच प्रदर्शित झालेलं सुचवता येत नाही. तिथल्या वर्णनाला ५०० अक्षरं मिळतात. प्रश्न ४ मधली एक ओळ आणि त्या गाण्याविषयी दोन वाक्यं पुरतात.

इथे सर्वांत जास्त घोळ आयएसआरसीचा होतो. हा प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक. सुटं गाणं आधी काढलं आणि तेच ध्वनिमुद्रण पुढे ईपीमध्ये, म्हणजे चार-पाच गाण्यांच्या छोट्या संचात, घेतलं, तर जुनाच क्रमांक भरायचा. नवा पडला की ती दोन वेगळी ध्वनिमुद्रणं ठरतात आणि आधीची श्रवणसंख्या नव्या नोंदीला जोडली जात नाही. उलट, रीमिक्स किंवा प्रत्यक्ष कार्यक्रमातलं ध्वनिमुद्रण असेल तर क्रमांक नवाच हवा.

आवाजाच्या पातळीची धास्ती नको. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी सुमारे उणे १४ लफ्सला (आवाजाची पातळी मोजायचं माप) आणून वाजवतं. दाबून दाबून मोठं केलेलं फोक तिथे मोठं तर वाजत नाहीच, वर बँजोच्या तारेवरचा नखाचा आघात तेवढा हरवतो.

९. कार्यक्रमात निवेदक आमची ओळख करून देणार आहे. त्याला काय द्यावं?

मोठ्या अक्षरांत छापलेला एक कागद. मोठ्याने वाचून २० ते ३० सेकंदांत संपेल एवढाच मजकूर, म्हणजे ४० ते ६० शब्द. नावांचा उच्चार जसा आहे तसा फोडून लिहा. बँडचं नाव शेवटचा शब्द म्हणून येऊ द्या, कारण टाळी नावावर पडते आणि तुमचा पहिला सूर टाळीवर. प्रश्न ४ मधला १०० शब्दांचा परिच्छेद देऊ नका. तो डोळ्यांसाठी लिहिलेला असतो, जिभेवर अडखळतो. विनोद तर मुळीच नको. तुमचा विनोद दुसऱ्याच्या तोंडी पडतो.

१०. दोन गाण्यांच्या मध्ये वाद्यं लावण्यातच वेळ जातो आणि रंग उतरतो. काय करावं?

नव्या फोक बँडची पहिली छाप बिघडते ती बहुतेक इथेच.

आधी कारणं. प्रखर दिव्यांखाली पोलादी तारा तापून सैल पडतात, सूर उतरतो. दमट हवेत गिटारचं लाकूड फुगतं, सूर चढतो. म्हणजे दुपारी साउंडचेकला लावलेलं वाद्य रात्री दोन्हींपैकी कुठेही असू शकतं. मेंडोलिनला चार जोड्यांत आठ तारा, म्हणून काम दुप्पट. युकुलेलीच्या नव्या नायलॉन तारा काही दिवस ताणत राहतात; त्या कार्यक्रमाच्या दिवशी बदलू नका. पोलादी तारा निदान आदल्या दिवशी बदला आणि हाताने हलकेच ओढून पुन्हा लावा, दोन-तीनदा.

गाण्यांचा क्रम लावणीनुसार, म्हणजे तारा कुठल्या सुरांना लावल्या आहेत त्यानुसार, बांधा. नेहमीच्या लावणीतली पाच गाणी सलग, मग उघड्या लावणीतली (बोट न ठेवता तारा छेडल्या की स्वरमेळ वाजतो ती) तीन. दर गाण्याला खुंट्या पिळणारा बँड पाहायला कुणालाच आवडत नाही. दुसरी गिटार मिळत असेल तर आणखी बरं. कापो (गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पट्टीच्या अगदी मागे, सरळ लावा; तिरका किंवा फार घट्ट बसला की एक-दोन तारा चढतात.

लावताना आधी तार सुराच्या खाली उतरवा आणि मग वर आणा. वरून खाली येऊन थांबलात तर खुंटीतला ढिलेपणा शिल्लक राहतो आणि दुसऱ्या ओळीला सूर घसरतो. गिटारच्या डोक्याला अडकवायचा क्लिप ट्यूनर कंपनावर चालतो, त्यामुळे शेजारी बेस वाजत असेल तर तो गोंधळतो. पायाखालचा ट्यूनर बरा. लावताना आवाजही बंद ठेवतो.

एक जण लावत असताना दुसऱ्याने बोलायचं, हे आधीच ठरवून ठेवा. काय बोलायचं तेही. पंधरा सेकंदांचे तीन तुकडे पाठ असले की पुरतं.

११. अकॉर्डियन असलं की सगळं किंचित बेसूर वाटतं. लावलेलं तर नीट असतं!

तारा ४४० हर्ट्झला लावलेल्या असतात आणि अकॉर्डियनच्या पत्त्या, म्हणजे आतल्या धातूच्या कंप पावणाऱ्या रीड, अनेकदा ४४२ ला. फरक साधारण ८ सेंट (एका अर्ध्या सुराचे १०० सेंट). एकेकटं ऐकलं तर कळत नाही, एकत्र लांब सूर धरला की आवाज लाटांसारखा हेलकावतो. पत्त्या मंचावर बदलता येत नाहीत, म्हणून बाकीच्यांनी झुकायचं. आधी अकॉर्डियनचा 'ए' हा सूर मोजा, एकाच पत्तीवर, कारण काही खटक्यांमध्ये दोन पत्त्या मुद्दाम जराशा वेगळ्या लावलेल्या असतात. मग सगळ्यांचे ट्यूनर त्या आकड्यावर आणा. सोबत आधी तयार केलेला ध्वनिमार्ग वाजवत असाल तर तोही तेवढाच चढवायला विसरू नका.

ग्लॉकेनश्पीलही अनेकदा ४४२ ला येतं. खेळण्यातल्या पियानोचं दुखणं वेगळं: त्याच्या धातूच्या कांड्या प्रत्येकी आपापल्या दिशेने बेसूर असतात. ट्यूनर लावून कुठल्या पट्ट्या सुरात आहेत त्याची यादी करा आणि साथ तेवढ्याच सुरांत बांधा. दुसरं वाद्य तोच सूर घेत असताना तो वाजवू नका.

१२. करवत, सुटकेस-ड्रम, बँजो यांना माइक कसा लावायचा?

करवत: मूठ दोन्ही मांड्यांत, टोक हातात, पातं इंग्रजी 'एस'सारखं वाकवलेलं. गज दातांच्या नव्हे, गुळगुळीत कडेवर, त्या वळणाच्या मध्यावर चालतो. वळण बदललं की हा बिंदूही सरकतो. गजाला राळ नीट हवी, नाहीतर पातं बोलतच नाही. आवाज जवळजवळ शुद्ध एकसुरी असतो, म्हणून खोलीतल्या एखाद्या सुरावर तो अचानक फुगतो. लहान पडद्याचा कंडेन्सर माइक साधारण ३० सेंटिमीटरवर, पात्याच्या मध्याकडे. वादकाच्या मॉनिटरमध्ये (मंचावर त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) करवत कमी आणि गिटार किंवा अकॉर्डियन जास्त द्या, कारण सूर शोधायला त्याला दुसरं काहीच नसतं.

सुटकेस: कडक कवचाची घ्या. पेडलचा दांडा आपटतो तिथे चामड्याचा किंवा जाड कापडाचा ठिगळ चिकटवा, नाहीतर पत्रा किंवा पुठ्ठा काही कार्यक्रमांत फाटतो. आत चादर भरली की घुमणं कमी होतं. खाली गालिचा हवाच, सुटकेस प्रत्येक ठोक्याला पुढे सरकते.

बँजो आणि गिटार: पिएझो पिकअप (वाद्याच्या कंपनाचा विजेचा संकेत करणारी पट्टी) थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला की आवाज पातळ आणि प्लास्टिकसारखा येतो. बिघाड कुठलाच नसतो. पिकअपला समोरच्या इनपुटचा १ मेगाओम किंवा त्याहून जास्त रोध लागतो. कमी मिळाला की खर्ज कापला जातो. मधे प्रीॲम्प किंवा योग्य डीआय बॉक्स (वाद्याचा संकेत मिक्सरला जुळवून देणारी डबी) ठेवा. गिटार शिट्टी मारण्याऐवजी घुमत असेल तर १०० ते २५० हर्ट्झमध्ये शोधा आणि तेवढीच अरुंद पट्टी खाली करा. गिटारच्या पोटाला रबरी झाकण लावलं तर तेवढंच बहुतेक वेळा पुरतं.

१३. साउंड सांभाळणाऱ्याला आधी काय पाठवायचं? आणि एकाच माइकभोवती गायलं तर हे सगळं टळतं ना?

दोन कागद पाठवा. एक मंचाचा नकाशा: कोण कुठे, वीज कुठे लागेल, मॉनिटर किती. डावी-उजवी बाजू प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या कलाकाराची धरतात. प्रेक्षकाच्या नजरेने काढलेला नकाशा नेमका उलटा पडतो. दुसरी इनपुट यादी: क्रमांक, वाद्य, माइक की डीआय, ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा हवा का. करवतीपुढे 'करवत' असंच लिहा आणि कंसात 'गजाने वाजवतो', नाहीतर चूक समजून ती ओळच खोडली जाते.

एका माइकभोवतीचं गाणं लहान, शांत खोलीत फार सुंदर होतं. बँड स्वतःच अंतराने मिश्रण करतो: एकल वादक पुढे येतो, बाकीचे पाऊल मागे. पण मॉनिटर जवळजवळ वापरता येत नाहीत, लगेच शिट्टी येते. पाऊल कधी, कुणी टाकायचं याची तालीम गाण्याइतकीच लागते. गजबजलेल्या ठिकाणी किंवा ड्रम असताना हा नाद सोडा.

१४. पारंपरिक गाणं आमच्या पद्धतीने गायलं तर हक्काचा प्रश्न येतो का?

येऊ शकतो. मूळ चाल आणि शब्द खरोखर जुने, अज्ञात कर्त्याचे असतील तर ते सगळ्यांचे. पण तुम्ही ते ज्या ध्वनिमुद्रणावरून शिकलात, त्यात कुणी नवं कडवं, वेगळी स्वररचना घातली असेल तर तेवढ्या भागावर त्याचा हक्क असतो. म्हणून आधी दोन-तीन जुने, वेगवेगळे पाठ मिळवा आणि जे सगळ्यांत समान आहे त्यावर स्वतःची मांडणी उभी करा. श्रेयात 'पारंपरिक, मांडणी: बँड' असं लिहा.

'पारंपरिक' म्हणून फिरणारी काही गाणी प्रत्यक्षात विसाव्या शतकातल्या माहीत असलेल्या कवीची निघतात. लेखनाचा हक्क बर्न करारानुसार सर्वसाधारणपणे कर्त्याच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं टिकतो, कित्येक देशांत ६० किंवा ७०.

१५. आमच्या नावाचा दुसरा बँड सापडला. तो कधीचाच बंद पडला आहे. तरी नाव बदलायचं?

बदला, आणि आत्ताच, पहिल्या गाण्याआधी. बंद बँडची गाणी स्पॉटिफायसारख्या सेवांवर असतातच आणि तुमचं गाणं त्यांच्या पानावर जाऊन बसतं. ते सोडवायला आठवडे जातात. शिवाय नावाचा व्यापारचिन्ह म्हणून हक्क कुणाकडे तरी असू शकतो. नवं नाव निवडताना ते फोनवर सांगून पाहा. ऐकणाऱ्याने न विचारता बरोबर लिहिलं तर ठेवा. चिन्हं, मुद्दाम चुकवलेली अक्षरं, एकच सामान्य शब्द, यांनी शोधणाऱ्याची पंचाईत होते.

१६. आमचं एकच गमतीचं गाणं पसरलं. आता सगळीकडे तेच मागतात. ओळख बदलावी का?

एक ओळ बदला, बाकी राहू द्या. त्या गाण्याचं नाव पहिल्या वाक्यात येऊ द्या, लपवलं तर वाचणारा गोंधळतो. पण दुसऱ्या वाक्यात लगेच दुसरं, गंभीर गाणं. कार्यक्रमात ते शेवटून दुसरं ठेवा. अगदी शेवटी ठेवलंत तर लोक त्याचीच वाट पाहत बसतात, आणि सुरुवातीलाच गायलंत तर निम्मे उठून जातात. पुढचं प्रदर्शित होणारं गाणं मात्र त्याच खोडीचं नको. दोन विनोदी गाणी सलग आली की लोक तुम्हाला विनोदी बँड समजतात, आणि ते पुसायला अख्खा अल्बम लागतो.

१७. खरं तर बँडमध्ये मी एकटाच आहे. कार्यक्रमाला मित्र येतात. 'बँड' म्हणणं खोटं ठरेल का?

नाही. एका माणसाने बँडचं नाव घेणं या संगीतात रूढ आहे. फक्त ओळखीत स्पष्ट लिहा: गाणी कुणाची, ध्वनिमुद्रणात कोण वाजवतं, मंचावर किती जण असतील. आयोजकाला हा शेवटचा आकडा आधी लागतो, कारण त्यावर त्याचे माइक, जागा आणि वेळ ठरतात. मित्रांनी ध्वनिमुद्रणात वाजवलं असेल तर लेखनातला वाटा आणि वादनाचा मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही गाणं बाहेर पडण्याआधी कागदावर घ्या, चार ओळींचा का असेना. सदस्य बदलले तर प्रश्न ४ मधली तिन्ही मापं आणि प्रश्न १३ मधली इनपुट यादी त्याच दिवशी बदला. जुन्या यादीत राहून गेलेल्या चेलोसाठी मंचावर रिकामा माइक उभा राहतो.